ताटबाई आणि सत्तावीस नोंदी

प्रथम तारखा. आपल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेच्या संपादकांनी मला कळवले आहे की व्यक्तिचित्रात तारखा नसाव्यात, आठवणी असाव्यात. तारीख नसलेल्या आठवणीला आमच्या व्यवसायात ऐकीव माहिती म्हणतात. म्हणून तारखा देत आहे.

गेल्या वर्षीच्या मार्चमधला दुसरा सोमवार. इस्पितळाच्या स्वयंपाकघराची, वापरलेली ताटे परत घेणारी खिडकी विटा लावून बंद करण्यात आली. जबाबदार: विश्वस्त मंडळाचे सचिव.

त्याच मार्चमधला शेवटचा शुक्रवार. आहार विभागातील एका बाईंची मुदतवाढ, सव्वीस वर्षांच्या सेवेनंतर, एका ओळीत नाकारण्यात आली. जबाबदार: इस्पितळाचे प्रशासक.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधला पहिला गुरुवार ते पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, दोन्ही दिवस धरून नऊ. एका रुग्णाच्या आहारपत्रकावर रोज तीन याप्रमाणे सत्तावीस वेळा ‘पूर्ण आहार घेतला’ असे लिहिण्यात आले. जबाबदार: वॉर्डच्या प्रमुख परिचारिका. सही सत्तावीसही ठिकाणी त्यांचीच आहे. म्हणजे ही एकच व्यक्ती नऊ दिवस सकाळ, दुपार आणि रात्र कामावर होती, असे पत्रकाचे म्हणणे आहे.

इस्पितळाचे नाव मी लिहीत नाही. शहरातले सर्वांना ठाऊक असलेले मोठे सरकारी इस्पितळ ते नव्हे. मोहालीच्या बाजूला एका विश्वस्त संस्थेने चालवलेले मध्यम आकाराचे इस्पितळ आहे. ज्यांनी उत्तर द्यायचे आहे ते स्वतःला ओळखतील.

आता व्यक्तिचित्र.

ताटबाई भरलेल्या ताटाकडे कधी पाहत नसत. दुपारी साडेबाराला स्वयंपाकघरातून वॉर्डांकडे गाड्या निघत, तेव्हा आहार विभागाच्या प्रमुखाने, म्हणजे त्यांनी, दारात उभे राहून पाहणी करावी असा नियम होता. ताटबाई त्या वेळी आपल्या खोलीत बसून स्वतःचा डबा खात. सव्वा वाजता त्या उठत, चष्मा पुसत आणि मागच्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहत. त्या खिडकीतून उष्टी ताटे आत येत. खान्यांची स्टीलची ताटे, प्रत्येकावर खाटेच्या क्रमांकाची चिठ्ठी. खरकटे टाकण्यापूर्वी प्रत्येक ताट त्यांच्यासमोर क्षणभर थांबे, त्या एका शाळकरी वहीत काहीतरी लिहीत, आणि मगच ते पुढे सरके. ‘जाताना सगळी ताटं सारखीच असतात,’ त्या म्हणत. ‘येताना माणूस कळतो.’

त्या अकोल्याच्या. लग्न केले नव्हते. आहारशास्त्राचे शिक्षण नागपुरात झाले, नोकरी इथे लागली, आणि त्या इथल्याच झाल्या. पंजाबी कर्मचारी त्यांना ‘प्लेटवाली मैडम’ म्हणत. त्याचे ताटबाई हे मराठी रूप आपल्या मंडळातल्या मंडळींनी केले. खरे नाव मी देत नाही, कारण त्यांनी परवानगी दिलेली नाही आणि आता देऊ शकत नाहीत.

माझी आणि त्यांची ओळख एका तक्रारअर्जामुळे झाली. बारा वर्षांपूर्वी माझी पत्नी सुमन हिच्या आतड्याची शस्त्रक्रिया त्या इस्पितळात झाली. मी तेव्हा सार्वजनिक क्षेत्रातील एका कंपनीत कायदा अधिकारी होतो. शस्त्रक्रियेनंतर सुमनला जेवण सुरू होऊन सहा दिवस झाले तरी ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. आहार अपुरा व निकृष्ट असल्याबद्दल मी वैद्यकीय अधीक्षकांना तीन पानांचे पत्र लिहिले आणि सोबत चार सहपत्रे जोडली. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कोटातली एक ठेंगणी बाई ते पत्र हातात घेऊन खाटेपाशी आली.

‘पत्र छान आहे,’ त्या म्हणाल्या. ‘यात घटनेचं कलमसुद्धा आहे. पण ताटाबद्दल एक शब्द नाही. तुम्ही यांचं ताट पाहिलं का, साहेब?’

मी पाहिले नव्हते. मी सुमनला रोज विचारत होतो आणि ती ‘झालं माझं’ असे सांगत होती. वाढणारीने हिंदीत विचारले की ती ‘हाँ जी, हो गया’ म्हणत असे. आमच्या साताऱ्याकडच्या बायका ‘झालं माझं’ हे वाक्य बहुधा जेवायला बसण्यापूर्वीच म्हणतात, हे मला पस्तीस वर्षांच्या संसारानंतर ठाऊक असायला हवे होते.

ताटबाईंनी वही उघडली. चौदा नंबरच्या खाटेचे ताट रोज परत येत होते ते असे: पोळी चौघडी करून वाटीखाली सरकवलेली, भाजी खान्याच्या कडेने पसरून कमी दिसेल अशी केलेली, वरणावरची साय अखंड. ‘ज्याला भूक नसते तो ताट उघडं टाकून देतो,’ त्या मला म्हणाल्या. ‘लपवणारा माणूस भुकेला असतो. यांना भूक आहे. भीती कशाची आहे ते मला पाहायचं आहे.’ मग मला बाहेर जाण्यास सांगण्यात आले.

भीती साधी होती. वॉर्डातला पडदा आखूड होता, शौचाचे भांडे द्यायला पुरुष कर्मचारी येत, आणि सुमनने हिशेब मांडला होता की आत काही गेलेच नाही तर बाहेर येण्याचा प्रश्न उद्भवणार नाही. ताटबाईंनी तिला समजावले की आतडे असे कुलूप लावून ठेवता येत नाही. माणूस जेवो न जेवो, आतडे रोज घागरीने रस आत ओतते आणि बहुतेक सगळे स्वतःच परत शोषून घेते. शिवाय त्याच्या अस्तराला त्याच्यावरून जाणाऱ्या अन्नातूनच पोषण मिळते. अन्न थांबले की ते अस्तर झिजते, आणि मग जेवण सुरू केले की दुखते. ‘आतडं कामावर जिवंत राहतं, सुमनताई,’ त्या म्हणाल्या. ‘सुट्टी त्याला मानवत नाही.’ त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. पडदा बदलला गेला, आणि चौदा नंबरला मेतकूट घातलेली भाताची पेज येऊ लागली. मेतकूट ताटबाईंच्या घरचे होते. सुमन आज अडुसष्ट वर्षांची आहे आणि हिवाळ्यात सरसोंचा साग मक्याच्या रोटीबरोबर खाते. माझ्या पत्राला अधीक्षकांचे उत्तर पुढे पाच आठवड्यांनी आले. त्यात मुद्द्यांची नोंद घेतल्याचे कळवले होते.

त्या दिवसापासून त्या मला कायदेसाहेब म्हणू लागल्या. मी हरकत नोंदवली; ती फेटाळण्यात आली.

स्वयंपाकघरातला मुख्य स्वयंपाकी प्रीतमसिंग हा त्यांचा आवडता विरोधक होता. पटियालाकडचा हा मनुष्य उदार होता आणि त्याची उदारता तुपाच्या रूपाने प्रकट होत असे. पित्ताशय काढलेल्या एका रुग्णाच्या डाळीवर त्याने जिरे-लसणाची भरघोस फोडणी ओतली, तेव्हा मी काही कामानिमित्त तिथे उभा होतो. ताटबाईंनी वाटी बाजूला काढली आणि शांतपणे म्हणाल्या, ‘प्रीतमजी, आपका प्यार पित्त की थैली से होकर जाता है. इनकी थैली परसों निकाल दी.’ प्रीतमसिंगने वाटीकडे दुःखाने पाहिले. ‘मैडमजी, बिना तड़के की दाल तो सज़ा होती है,’ तो म्हणाला. ‘बंदे ने कोई जुर्म तो किया नहीं.’ शेवटी जिऱ्याची पूड वरून भुरभुरून तडजोड झाली. ते ताट परत आले तेव्हा वाटी पुसल्यासारखी होती. ताटबाईंनी प्रीतमसिंगला मुद्दाम हाक मारून ती दाखवली. चांगले आलेले ताट ज्याचे त्याला दाखवणे हा त्यांचा शिरस्ता होता.

निवृत्तीनंतर आम्ही इथेच राहिलो. ताटबाई मोहालीत एका सोसायटीत एकट्या राहत आणि रविवारी दुपारी आमच्याकडे येत. आमच्या घरचा त्यांचा पहिला हल्ला माझ्या चहावर झाला. जेवण संपता संपता चहा घेण्याची मला सवय आहे. त्यांनी सांगितले की पालकातले लोह शरीरात जायला निघालेले असते, वाटेत चहा त्याला अडवतो. लिंबू असते तर त्याला हात धरून आत नेले असते. मी विचारले, याला आधार काय. त्यांनी मला माझ्याच रक्ताचा अहवाल दाखवला. तेव्हापासून मी जेवणानंतर दीड तासाने चहा घेतो. माझ्या आयुष्यात पहिल्याच सुनावणीत मी हरलेलो हा एकमेव खटला.

दुसरा हल्ला माझ्या रागावर झाला. मी पानावर बसून महापालिकेच्या एका आदेशाबद्दल बोलत असताना त्यांनी माझ्यासमोरची वाटी उचलून बाजूला ठेवली. त्यांच्या म्हणण्यानुसार संतापलेल्या माणसाचे रक्त हातापायांकडे धावते, पोटाकडे येत नाही. जठर संपावर जाते आणि अन्न तिथेच धरणे धरून बसते. ‘आधी पत्र संपवा, मग जेवा,’ त्या म्हणाल्या. ‘नाही तर जेवा आणि पत्र लिहूच नका.’ मी पहिला पर्याय स्वीकारला. पुढची कित्येक वर्षे आमच्याकडे रविवारचे जेवण तीन वाजता होत असे.

आमची नात इरा हिला मराठी समजते, पण ती उत्तर हिंदीत देते. ताटबाईंशी ती तासन्‌तास बोले. एकदा तिने विचारले की पेट में इतना तेज़ ॲसिड है तो पेट खुद क्यों नहीं जल जाता. ताटबाई म्हणाल्या, ‘अंगण कसं सारवतात, तसं पोट स्वतःला आतून सारवत राहतं. चिकट थर देतं. आणि तरी झिजतंच, म्हणून चार-सहा दिवसांत अस्तर नवं करून घेतं.’ इराने थोडा विचार केला. ‘सारवणं मतलब?’ ताटबाईंनी माझ्याकडे आणि सुमनकडे पाहिले. ‘हा आहार तुमच्याकडून पोचला नाही,’ त्या म्हणाल्या. पुढच्या रविवारी त्यांनी सुखना तलावाकाठची माती आणून आमच्या बाल्कनीचा एक कोपरा तिच्याकडून सारवून घेतला. शेण मिळाले नाही याबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली.

उपासांबद्दल त्यांचे मत मंडळातल्या बऱ्याच भगिनींना मान्य नव्हते. एक दिवसाच्या उपासाला त्यांची ना नसे. दिवसभराची साखर यकृतात साठवलेली असते, ती खुशाल काढावी. पण त्यापुढे शरीर नुसती चरबी जाळते हा समज खोटा, असे त्या निक्षून सांगत. मेंदूला साखर लागते, आणि ती भागवायला शरीर अंगावरचे मांस तोडू लागते. आजाऱ्याच्या बाबतीत तर अधिकच लवकर. ‘घरातलं सरपण संपलं की माणूस दाराच्या फळ्या काढून जाळतो,’ त्या म्हणत. ‘घर उबदार वाटतं. दार राहत नाही.’

आता मार्चकडे येतो. विश्वस्तांनी स्वयंपाकघर बंद करून जेवणाचे कंत्राट दिले. झिरकपूरच्या एका मोठ्या स्वयंपाकघरातून मोहोरबंद डबे येऊ लागले. जेवण झाले की डबा काळ्या पिशवीत आणि पिशवी बाहेर. कारण संसर्ग टाळण्याचे दिले होते आणि ते कारण खोटे नव्हते. हे मी न्यायबुद्धीने नमूद करतो. ताटबाईंनीही डब्याला नावे ठेवली नाहीत. ‘डबा वाईट नाही,’ त्या म्हणाल्या. ‘डबा परत येत नाही, एवढंच.’ त्यांनी प्रशासकांना अर्ध्या पानाची विनंती दिली: पिशवीत टाकण्यापूर्वी कोणीतरी डबा उघडून पाहावा आणि पत्रकावर ‘उरले किती’ असा एक रकाना घालावा. उत्तर आले नाही. मुदतवाढ नाकारल्याची एक ओळ तेवढी आली. शेवटच्या दिवशी प्रीतमसिंगने त्यांना एक जुने खान्यांचे ताट धुऊनपुसून भेट दिले. तोही बेकार झाला होता.

मी स्वस्थ बसलो नाही. मार्च ते सप्टेंबर या काळात मी विश्वस्तांना अकरा पत्रे लिहिली. त्यांपैकी सातव्या पत्राविषयी मला इथे सविस्तर लिहिणे भाग आहे. झिरकपूरच्या चौकातल्या वाहतूक कोंडीमुळे दुपारचे डबे रोज दोन वाजता पोचत. रुग्ण औषधे रिकाम्या पोटी घेत. मी दहा दिवसांच्या वेळा, साक्षीदारांच्या नावांसह, कळवल्या. या पत्राची मात्र तत्काळ दखल घेतली गेली. वॉर्डात डबे वाटणारी सत्या नावाची कंत्राटी बाई कामावरून काढण्यात आली. डबे दोन वाजताच येत राहिले.

ताटबाईंना हे कळले तेव्हा त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी पाणी मागितले, सावकाश प्यायल्या, आणि म्हणाल्या, ‘तुमचं पत्र वरच्या नावानं निघतं, कायदेसाहेब, आणि सगळ्यात खालच्या माणसाच्या डोक्यावर पडतं.’ मी म्हणालो की हा पत्राचा दोष नाही, अंमलबजावणीचा आहे.  त्यानंतरही मी चार पत्रे लिहिली.

नोव्हेंबरात त्यांना न्यूमोनिया झाला. जुनी कर्मचारी म्हणून त्याच इस्पितळात दाखल झाल्या. ताप चार दिवसांत उतरला, पण शक्ती येईना. वजन उतरत गेले. तरुण डॉक्टर पत्रक पाहत, पूर्ण आहार घेतला असे वाचत, आणि मग ही झीज कुठल्या दुसऱ्या रोगाची असावी म्हणून तपासण्या लिहून देत. दोन औषधे बदलण्यात आली. पत्रक खरे धरले तर त्यांचा तर्क बरोबर होता.

मी रोज चार वाजता, भेटीच्या वेळेत, जात असे. पहिला प्रश्न हाच: जेवलात ना? ‘जेवली,’ त्या त्यांच्या वऱ्हाडी वळणाने म्हणत. मी तेवढ्यावर थांबलो नाही. परिचारिकेच्या टेबलावर जाऊन आहारपत्रक पाहत असे. तोंडी जबाब आणि लेखी नोंद जुळत होती. चाळीस वर्षे मी याच कसोटीवर पुरावा ग्राह्य धरत आलो होतो. समाधान झाले की मी परत येऊन त्यांच्याशी मंडळाच्या घटनादुरुस्तीबद्दल बोलत बसे. त्या डोळे मिटून ऐकत.

दहाव्या दिवशी, शनिवारी, मंडळाची सभा चारला असल्याने मी दुपारी दोननंतर गेलो. रखवालदाराने अडवले, मी ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीचा नियम दाखवला. कमलेश नावाची डबे वाटणारी बाई त्यांच्या खाटेवरून डबा उचलत होती. डब्याची मोहोर शाबूत होती. तिने तो पिशवीत टाकला आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. मी टेबलापाशी गेलो. त्या वेळची नोंद होऊन गेली होती: पूर्ण आहार घेतला. शाई ओली होती.

मी परत येऊन खाटेपाशी बसलो. ताटबाईंनी मला पाहिले आणि त्यांना सर्व कळले.

‘आज लवकर?’

‘डबा बंद होता,’ मी म्हणालो.

‘हो.’

‘आणि काल?’

‘कालचाही. नऊ दिवस झाले. दुधाचे दोन-चार घोट घेते. पोळी-राजमा उतरत नाही. औषधानं तोंडात लाळच राहिली नाही, कायदेसाहेब. लाळ नसली की घास भिजत नाही. खडू चावल्यासारखं होतं.’

‘मी रोज विचारत होतो. तुम्ही जेवली म्हणत होता.’

‘म्हणत होती खरी.’

‘का?’

 ‘काहून की नाही म्हटलं असतं तर तुम्ही पत्र लिहिलं असतं,’ त्या म्हणाल्या. ‘कमलेशला दोन लेकी आहेत. सत्याला घालवलं, आता हिला घालवतील. डबा तसाच येईल. सुमनताईला सांगितलं असतं, पण ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहिली नसती.’

 

मग मी सुमनला फोन केला. ती तासाभरात टॅक्सीने थर्मास घेऊन आली. पातळ पेज, गाळलेली, किंचित मीठ. सुमन वाटी भरू लागली तेव्हा ताटबाईंनी हात वर केला. डॉक्टरांना आधी बोलावून रक्त तपासायला सांगितले, आणि चार चमचे घेऊन थांबल्या. उपाशी शरीराला एकदम वाढले तर रक्तातले क्षार कोसळतात, हृदय बिघडते. हे त्यांनी खाटेवरूनच, दम लागत असताना, त्या तरुण डॉक्टरला समजावून सांगितले. तो मुलगा शहाणा होता. त्याने ऐकले, लिहून घेतले, आणि पत्रकाकडे पाहून त्याचा चेहरा उतरला. सुमनने चमचा खाली ठेवला आणि त्यांचा दंड पांघरुणात घेतला. तो दोन बोटांत मावेल असा झाला होता.

पुढचे नऊ दिवस सुमनने पेज नेली. मी जात होतो, पण विचारत नव्हतो. वाटी पाहत होतो. ताटबाई घरी परतल्या. अकोल्याहून त्यांचा भाचा येऊन राहिला. डिसेंबरात त्या काठी घेऊन सोसायटीच्या बागेत उन्हाला बसू लागल्या होत्या. एके दिवशी शेजारच्या बाईने दिलेले गाजराचे लोणचे त्यांनी मला दाखवले आणि म्हणाल्या की लाळ परत आली, नुसतं बघूनच सुटली. फेब्रुवारीत, सकाळी, झोपेतच त्या गेल्या. दाखल्यावर हृदयविकार असे कारण आहे. त्या नऊ दिवसांमुळे त्या गेल्या असे मी म्हणत नाही. ते सिद्ध करण्याजोगा पुरावा माझ्यापाशी नाही. त्या नऊ दिवसांनंतर त्यांचे हृदय पूर्वीइतके राहिले होते असेही कोणी सिद्ध करू शकणार नाही.

त्या शनिवारी त्यांनी माझ्याकडून एक वचन घेतले होते: कमलेश तिथे आहे तोवर पत्र नाही. मी ते पाळले. गेल्या दहा महिन्यांत मी त्या इस्पितळाला एकही ओळ लिहिलेली नाही, आणि माझ्या प्रकृतीवर त्याचा अनिष्ट परिणाम झाला आहे. गेल्या महिन्यात कमलेशला दुसरीकडे काम मिळाले. तिचे आणि सत्याचे नाव मी इथे बदलले आहे, प्रीतमसिंगचेही. पत्रकाची सत्तावीस नोंदींची नक्कल भाच्याने रीतसर अर्ज करून घेतली आहे आणि ती माझ्याकडे सुरक्षित आहे.

हे पत्र नव्हे. पत्राला खाजगीत उत्तर देता येते, आणि तशी ‘नोंद घेतली’ म्हणणारी चार उत्तरे माझ्या कपाटात आहेत. हा मजकूर छापील आहे आणि आपल्या हजारभर वाचकांसमोर आहे, म्हणून उत्तरही चारचौघांतच मिळावे. ते कोणत्याही कंत्राटी कर्मचाऱ्याकडून स्वीकारले जाणार नाही. सचिव, प्रशासक आणि प्रमुख परिचारिका या तिघांनी गणेशोत्सवातल्या रविवारच्या सभेत आपल्या सभागृहात यावे. खुर्च्या राखून ठेवल्या आहेत. मराठी येत नसल्यास हिंदीत बोलावे, पंजाबीत बोलावे, आम्हाला समजते.

सर्वांत प्रथम मी उभा राहीन, कारण त्या खाटेपाशी रोज येणारा मीच होतो. मी रोज विचारले, रोज कागद तपासला, आणि एकदाही डबा उघडून पाहिला नाही. आणि एक बाई माझ्या पत्राच्या धाकाने उपाशी राहिली. हे माझे उत्तर. ते इथे माझ्या सहीनिशी छापले आहे आणि मी ते मागे घेणार नाही.

त्यानंतर तुमच्यापैकी एकाने, कोणीही एकाने, स्वतःचे नाव घेऊन सर्वांसमोर सांगावे: त्या नऊ दिवसांत त्या बाईंनी काय खाल्ले?